भुंग्याची गुरगुर

“पुन्हा एकदा जरी तो माझ्या पोरीवर गुरगुरला ना, तर त्या दिवशी तो या घरातून जाईल. आणि मी बोललेलं फिरवत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

मिस्त्रीला माहीत होतं. त्याची बायको बेकरीच्या काउंटरवर उभी राहून दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, त्यामुळे घरी येईपर्यंत तिच्याकडे वाया घालवायला शब्द शिल्लकच नसत. हे बोलताना तिच्या हातात लेकीचा स्वेटर होता. बाहीला दातांची दोन भोकं पडली होती. आत कातडीवर नुसती लाल खूण, रक्ताचा थेंबही नाही. पण भोकं होती, आणि ती त्यांच्यात करंगळी घालून घालून पाहत होती.

लेक सहा वर्षांची. खिशात, उशीखाली, प्रसंगी गालातसुद्धा काहीबाही साठवून ठेवायची म्हणून सगळे तिला खारू म्हणत. आणि कुत्रा म्हणजे भुंगा. काळा कुळकुळीत, तोंडाभोवती पिकलेला, म्हातारपणाकडे झुकलेला. पिल्लू होता तेव्हा झोपेतही घशात भुणभुणायचा म्हणून दादाने हे नाव ठेवलं होतं.

दादा म्हणजे मिस्त्रीचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले तेव्हा यानेच धाकट्याला वाढवलं, लिफ्टच्या कामाला लावलं, हातात पाना कसा धरायचा ते शिकवलं. स्वतः लग्न केलं नाही. शेवटच्या दुखण्यात तो अंथरुणाला खिळला, तेव्हा भुंगा त्याच्या खाटेखालून हलेना. नर्सचे पायसुद्धा त्याने खाटेजवळ येऊ दिले नाहीत. जाण्याआधी दादाने धाकट्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, “याला कुणाच्या दारात टाकू नकोस.” मिस्त्री म्हणाला, “नाही टाकणार.” मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

तर आता घरात दोन शब्द होते. एक मेलेल्या भावाला दिलेला आणि एक जिवंत बायकोने दिलेला. कुत्र्याने तोंड उघडलं की एक तरी मोडणार होता.

बायको काही दुष्ट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. भुंग्याला आंघोळ तीच घालायची. कुत्र्यांच्या शाळेचा पत्ताही तिनेच बेकरीतल्या एका गिऱ्हाइकाकडून आणला होता. “शिकवा म्हणावं त्याला, चावायचं नाही म्हणून,” ती म्हणाली. “शिकला तर राहू दे बापडा.”

ही शाळा एका बंद पडलेल्या गोदामाच्या अंगणात सुट्टीच्या दिवशी सकाळी भरायची. जमिनीवर रबरी चटया, भिंतीला कड्या, आणि मधोमध गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक उंच, किडकिडीत बाई. ती शिट्टी त्या कधीच वाजवत नसत. कुत्री दचकतात म्हणायच्या. तरी सगळे त्यांना शिट्टीबाईच म्हणत. एका हाताचं मधलं बोट पेरापासून गायब होतं. पहिल्याच दिवशी मिस्त्रीची नजर तिथे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, “ही माझी फी. मी शिकत होते तेव्हा भरली.”

शिकवणं मात्र छान होतं. मुठीत खाऊ धरायचा. कुत्र्याने दात लावले की मूठ मिटलेली ठेवायची, त्याने नुसती जीभ लावली की मूठ उघडायची आणि म्हणायचं, “हळू.” खेळणं ओढून घ्यायचं नाही, बदल्यात दुसरं द्यायचं. खारूला हे फार आवडलं. ती घरी येऊन आईच्या हातातला चमचासुद्धा बदल्यात पेन्सिल दिल्याशिवाय घेईना. भुंगाही म्हातारा असून चटकन शिकला. दोन-तीन आठवड्यांत तो तिच्या तळहातावरचा तुकडा असा उचलायला लागला की तिला गुदगुल्या व्हाव्यात.

पण गुरगुरणं गेलं नाही. तो खाऊवरून गुरगुरत नव्हता, खेळण्यावरून नव्हता. खारू पळत येऊन त्याच्या पाठीवर पडली किंवा मागून त्याला मिठी मारायला गेली की घशातून ती जुनी भुणभुण निघायची. मिस्त्रीने शिट्टीबाईंना विचारलं, “हे कसं बंद करायचं?”

“बंद करायचं नाही.”

“म्हणजे?”

“अहो, तो तुम्हाला सांगतोय की पुरे. हाताने ढकलता येत नाही, दार लावून घेता येत नाही, त्याच्याकडे एवढीच भाषा आहे. गुरगुरतोय तोवर तो चावत नाहीये. सांगू दे त्याला. तुम्ही ऐका.” मग त्या मुलांकडे वळल्या. वर्गात चार-पाच कच्चीबच्ची होती. “कुत्रा गुरगुरला की काय करायचं?”

“हात खिशात!” मुलं ओरडली.

“आणि?”

“आणि मागे!”

खारूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

निघताना बाईंनी भुंग्याच्या पाठीवरून हात फिरवत नेला. कमरेशी हात पोचताच तो गुरगुरला. त्यांनी लगेच हात उचलला. “मिस्त्री, हा मागेच हात लावला की बोलतोय. कंबर दुखत असणार याची. डॉक्टरांना दाखवा आधी. दुखणं थांबलं तर निम्मी गुरगुर आपसूक जाईल.”

“दाखवतो,” मिस्त्री म्हणाला.

दाखवला नाही. कामं होती. एका उंच इमारतीतल्या दोन्ही लिफ्ट बंद पडल्या होत्या आणि लोक जिन्यातून त्याला शिव्या देत चढत होते. पुढच्या आठवड्यात दाखवू म्हणता म्हणता पुढचा आठवडाही गेला. आणि घरी मात्र बायकोचा कान सतत टवकारलेला. खारू कुत्र्याकडे निघाली की स्वयंपाकघरातला नळ बंद व्हायचा. नळ बंद झाला की मिस्त्री हातातलं काम टाकून भुंग्याला हाक मारायचा.

त्याने बायकोला बाईंचं म्हणणं सांगून पाहिलं. ती म्हणाली, “छान! म्हणजे चोराने आधी शिट्टी मारली तर त्याला घरात घ्यायचं?” यावर त्याला उत्तर सुचलं नाही. उत्तर होतं, पण बायकोपुढे ऐन वेळी उत्तर सुचणाऱ्यांपैकी तो नव्हता.

तोडगा सुचवला भांडारातल्या कारकुनाने. हा माणूस लिफ्टचे सुटे भाग देता देता जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरंही देत असे, आणि त्यांची पावती मागत नसे. “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच,” तो म्हणाला, “पण आवाज? आवाज घालवणं सोपं. माझ्याकडे शिकारी कुत्री होती. पत्र्याच्या डब्यात नट-बोल्ट भरायचे. गुरगुरला की डबा कानाशी खडखडवायचा. नाही गप्प झाला तर नाव बदलीन.”

मिस्त्रीने डबा भरला.

त्याची पाळी सकाळची असे. दुपारी तो घरी यायचा तेव्हा बायको बेकरीत आणि खारू शाळेत असायची. घरात तो आणि भुंगा. तो खिडक्या लावून घ्यायचा, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. भुंगा शेपूट हलवत यायचा, कारण मिस्त्रीच्या हातांना ग्रीसचा वास यायचा आणि दादाच्या हातांनाही तोच वास असे. मग मिस्त्री त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचा, एक हात त्याच्या कमरेवर ठेवायचा, आणि दाबायचा.

कुठे दाबायचं हे त्याला ठाऊक होतं; बाईंनीच दाखवलं होतं. भुंगा गुरगुरला की दुसऱ्या हातातला डबा त्याच्या कानाशी खडाखडा वाजायचा. पहिल्या दिवशी कुत्रा घाबरून जागेवरच मुतला आणि सोफ्यामागे जाऊन बसला. मिस्त्रीने फरशी पुसली. त्याने पावाचा तुकडा पुढे केला, म्हणाला, “तुझ्यासाठीच चाललंय रे. तुला घालवतील.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडक्या लावल्या.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड दाबणारा आणि बुक्का मारणारा हात एकाच माणसाचे होते, आणि त्या माणसाचं त्या कुत्र्यावर प्रेम होतं. ते खोटं नव्हतं. हेच तर वाईट.

हळूहळू गुरगुर आखूड झाली. मग तिचा नुसता घशातला थरकाप उरला. मग तोही गेला आणि फक्त वरचा ओठ जरासा उचलला जायचा, तेव्हा मिस्त्रीने ओठावरही डबा वाजवला. काम अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेवटी एका दुपारी त्याने कमरेवर हात दाबला, चांगला दाबला, आणि भुंगा नुसता समोर भिंतीकडे पाहत राहिला.

मिस्त्रीला हायसं वाटलं. त्याने डबा रिकामा करून फेकून दिला.

आता यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना माझा जीव चडफडतो. हा माणूस आपल्या कामात असलं पाप कधी करत नसे. लिफ्टचं बेअरिंग झिजलं की करकर येते, रहिवासी तक्रार करतात. नवं बेअरिंग यायला वेळ लागतो. तोवर मिस्त्री लोक ग्रीस कोंबतात, आवाज बंद होतो, तक्रार बंद होते. हा मात्र ग्रीस घातलं की त्या जागी लाल रंगाचा ठिपका काढायचा. दादानेच शिकवलं होतं. ठिपका म्हणजे, हे गप्प केलंय, बरं केलेलं नाही. असा ठिपका असलेली लिफ्ट तो रात्रंदिवस डोक्यात वागवायचा आणि नवा भाग येताच आधी तिकडे धावायचा. लोखंडाच्या बाबतीत ज्याला एवढी अक्कल, त्याने घरातल्या जिवाला ग्रीस कोंबलं आणि ठिपका काढायला तो विसरला.

घरात आनंदीआनंद. बायकोने आठवडाभर कान देऊन ऐकलं आणि मग हळूहळू नळ चालू राहायला लागला. खारू भुंग्याच्या अंगावर लोळू लागली. “सुंठीवाचून खोकला गेला,” बायको म्हणाली, आणि त्या दिवशी तिने बेकरीतून भुंग्यासाठी उरलेल्या केकचा तुकडा आणला. मिस्त्रीने दादाच्या फोटोकडे पाहिलं. आपण दोन्ही शब्द सांभाळले असं त्याला वाटलं.

शिट्टीबाई वर्ग संपल्यावर प्रत्येक कुत्र्याच्या घरी एकदा जाऊन येत. तशा त्या मिस्त्रीकडेही आल्या. बायकोने चहा केला, भुंग्याचं तोंड भरून कौतुक केलं. “तुम्ही जादू केलीत बाई. हूं की चूं करत नाही आता.”

बाईंनी कप खाली ठेवला. “हूं की चूं नाही?”

“अजिबात नाही.”

त्या भुंग्याजवळ जाऊन बसल्या. पाठीवरून सावकाश हात फिरवत कमरेकडे नेला. भुंगा गोठला. उघडं असलेलं तोंड मिटलं, जीभ एकदा नाकावरून फिरली, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसलं. आवाज नाही. बाईंनी हात काढून घेतला.

“मिस्त्री, हा शेवटचा कधी गुरगुरला?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. चेहऱ्यावर हसू होतं. तिच्या चेहऱ्यावर असं हसू दादा गेल्यापासून दिसलं नव्हतं.

“आता गरजच पडत नाही त्याला,” मिस्त्री म्हणाला.

“त्याला रागावलात का? मारलंत?”

“छे! मी? दादाचा कुत्रा आहे तो.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवलं की. वयामुळे आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात.”

खोटं कसं सरसर बाहेर आलं. बायकोपुढे ज्याला खरं उत्तर कधी सुचत नसे, त्याला खोटी तीन एका दमात सुचली. बाईंनी मान हलवली. त्यांच्या मनात शंका होती, ती दिसत होती. पण कोणाच्या घरात बसून त्याच्याच बायकोदेखत त्याला खोटारडा म्हणायचं तरी कसं? जाताना त्या खारूसमोर वाकल्या. “नियम लक्षात आहे ना तुझ्या?”

“गुरगुरला की हात खिशात आणि मागे.”

“शाब्बास. आणि त्याच्या अंगावर झोपायचं नाही. तो म्हातारा आहे.”

“नाही झोपत,” खारू म्हणाली. “मी फक्त ऐकते.”

ती काय ऐकते हे कुणी विचारलं नाही. लहान मुलं काहीही बोलतात.

ते घडलं एका सुट्टीच्या दुपारी. बायको पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मिस्त्री खिडकीशी स्टुलावर बसून पंख्याचं रेग्युलेटर उघडत होता. भुंगा चटईवर कुशीवर पडला होता, खारू त्याच्याजवळ पालथी. सगळे एका खोलीत, सगळे डोळ्यांसमोर. मिस्त्रीला स्क्रू पडल्याचा आवाज आठवतो. तो उचलायला तो वाकला. गुरगुर नाही, भुंकणं नाही, काहीच नाही. नुसते दात एकमेकांवर आपटल्याचा आवाज, आणि मग बायकोची किंकाळी. खारू तर ओरडलीही नाही. ती उठून बसली, आणि तिचा गाल आणि वरचा ओठ जिथे असायला हवा होता तिथे नव्हता, लोंबत होता.

भुंगा कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला.

रुग्णालयात टाके घालायला फार वेळ लागला. आत शस्त्रक्रिया, बाहेर बाकावर दोघं. बायकोच्या ब्लाउजवर वाळलेलं रक्त. ती रडत नव्हती. शेजारीण डबा घेऊन आली आणि म्हणाली, “आपलेच दात अन् आपलेच ओठ, दोष कुणाला द्यायचा?” त्या बिचारीला आपण काय बोलतोय ते कळलं नाही. बायकोने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी खारूला बोलायची परवानगी मिळाली, थोडंच. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती, शब्द एका कोपऱ्यातून यायचे. आईबाप दोन बाजूंना बसले होते. तिने बापाकडे पाहिलं आणि आधी माफीच मागितली.

“बाबा, मी नियम मोडला नाही.”

“बोलू नकोस राणी.”

“नाही मोडला. मी ऐकत होते. तो हल्ली हळू बोलतो ना, लांबून ऐकूच येत नाही. म्हणून मी रोज कान लावून ऐकते. त्याच्या पोटाला, पाठीला. काल पण कान लावला.” तिने श्वास घेतला. “माझे हात खिशातच होते, बाबा. आवाज आला असता तर मी मागे गेले असते. आलाच नाही.”

मिस्त्रीने तिचा हात धरला. बायको त्याच्याकडे पाहत होती. ती वर्षानुवर्षं माणसांचे चेहरे पाहून त्यांना काय हवंय ते ओळखत आली होती, आणि नवऱ्याचा चेहरा वाचायला तिला वेळ लागला नाही.

“बाहेर या,” ती म्हणाली.

बाहेरच्या व्हरांड्यात त्याने सगळं सांगितलं. डबा, खिडक्या, कमरेवरचा हात. डॉक्टरांना दाखवलंच नाही, तेही. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे तो दुखतंय म्हणून सांगत होता.”

“हो.”

“आणि तुम्ही त्याला सांगू दिलं नाहीत. मला कळू नये म्हणून.”

“तू म्हणाली होतीस, पुन्हा गुरगुरला तर—”

“म्हणाले होते.” तिने भिंतीला डोकं टेकलं. “तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतंत. कुत्र्याचं तोंड बंद करायला दुपारच्या दुपार घालवल्यात. माझ्याशी भांडायला एक संध्याकाळ नव्हती तुमच्याकडे?”

मग ती रडली. तो उभाच राहिला. जवळ जायची त्याची छाती झाली नाही.

भुंग्याला रेबीजची लस टोचलेली होती, तेवढं एक बरं. तरी डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस त्याला जिन्याखालच्या बोळात बांधून ठेवलं. मिस्त्री त्याला खायला घालायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय त्याच्याजवळून जायचे आणि तो एकटक बघत राहायचा. इमारतीतले लोक म्हणायचे, बघा, किती गरीब दिसतो, आणि पोरीचा गाल फाडला. भुंकणारे कुत्रे चावत नसतात म्हणतात, हा मेला भुंकतही नाही. घुम्या, दगाबाज. मिस्त्री ऐकून घ्यायचा.

मग तो शिट्टीबाईंकडे गेला. गोदामाच्या मागच्या बाजूला त्यांनी काही कुत्री सांभाळली होती, ज्यांना कोणी घेत नसे अशी. त्याने त्यांनाही सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, तसं झालं नाही.

बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मला त्या दिवशी वाटलं होतं. मी बोलायला हवं होतं.”

“त्याला तुमच्याकडे ठेवा,” मिस्त्री म्हणाला. “मी रोज येऊन झाडलोट करीन. पिंजऱ्यात ठेवा हवं तर. दादाला मी—”

“चावलाय म्हणून मी नाही म्हणत नाही, मिस्त्री. ही सगळी चावलेलीच आहेत.” आतून कोणीतरी त्यांचा आवाज ऐकून गुरगुरलं. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. “हा बघा, याने दोघांना फोडलंय. पण हा सांगतो. सकाळी मी दार उघडते तेव्हा हा मला सांगतो, आज जवळ येऊ नको, मी येत नाही. माझ्याकडे कामाला दोन मुली आहेत. तुमचा भुंगा त्यांना काय सांगेल?”

“पुन्हा शिकवता नाही येणार? बोलायला?”

“कोणाच्या अंगावर शिकवू?”

त्यांनी आपला अर्ध्या बोटाचा हात मांडीवर ठेवला होता. मिस्त्रीने तो पाहिला आणि उठला.

म्हणजे एकच दार उरलं. बायकोने त्याला घाई केली नाही. ती त्याच्याशी फारसं बोलतच नव्हती. निघण्याच्या सकाळी ती खाली आली, जिन्याखाली वाकली, आणि भुंग्याच्या ताटलीत पाव कुस्करून दूध ओतलं. तो खाताना ती लांब उभी राहिली. मग वर निघून गेली. खारूला सांगितलं होतं की भुंगा डॉक्टरांकडे जातोय, त्याची कंबर दुखते. तिने पट्टीआडून विचारलं होतं, “मग तो बरा होऊन बोलेल?”

जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना छोटा होता, स्टीलचं टेबल आणि भिंतीवर दातांचे तक्ते. डॉक्टर तरुण आणि हळुवार हातांचे होते. मिस्त्रीने भुंग्याला उचलून टेबलावर ठेवलं. तोंडाला जाळी बांधू का म्हणून मदतनीस बाईने विचारलं, आणि मिस्त्री म्हणाला, “बांधा. तो आधी सांगत नाही.”

डॉक्टरांनी सवयीने सगळीकडून हात फिरवला. मागचा पाय धरून हळूच मागे ताणला, आणि थांबले. पुन्हा ताणला. सांध्यातून करकर झाली, ती मिस्त्रीलाही ऐकू आली. असा आवाज त्याने आयुष्यभर कान लावून शोधला होता.

“अरे बापरे. सांधा पार गेलाय,” डॉक्टर म्हणाले. “हाडावर हाड घासतंय. माणूस असता तर किंचाळून घर डोक्यावर घेतलं असतं. वर्षभर तरी दुखत असणार. कधी काही बोलला नाही तुम्हाला?”

“बोलायचा,” मिस्त्री म्हणाला.

“याला औषधं होती हो. बरा झाला नसता, पण सुखाने राहिला असता.” मग त्यांना आठवलं की हे आता बोलून उपयोग नाही, आणि ते सुई भरायला वळले.

पुढच्या पायावरचे केस कापले. मदतनीस बाईने कमरेला हात घालून कुत्र्याला घट्ट धरलं, नेमकं तिथेच. भुंगा ताठ झाला. डोळ्यांच्या कडेला पांढरं आलं. जाळीच्या आत तोंड मिटलेलं, ओठसुद्धा हलला नाही. तो समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

मिस्त्रीने आपलं तोंड त्याच्या कानाशी नेलं.

“बोल,” तो म्हणाला. “बोल रे राजा. दुखतंय ना? गुरगुर. कुणी काही करणार नाही तुला. एकदा गुरगुर.”

डॉक्टरांना वाटलं, मालक कुत्र्याला धीर देतोय. अशी माणसं ते रोज पाहत. “किती गुणी आहे हो,” ते म्हणाले. “एवढी शांत कुत्री फार कमी येतात माझ्याकडे.” आणि त्यांनी शीर शोधून सुई टोचली.

मिस्त्री त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कानात विनवत राहिला, डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून झालं म्हणून सांगेपर्यंत.